कोणी उभं राहिलं नाही ती निवडणूक

मी बोलते आणि ऋचा टाइप करते, असं आमचं ठरलंय. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही गुरुजी आले त्या दिवशीचं. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी डॉक्टर लोक लिहितात, कोणाचं हृदय उघडलं, कोणाचा गुडघा बदलला. या वर्षी संपादक म्हणाले, शिंदेकाकू, तुम्ही लिहा. म्हटलं, मी काय उघडलं? मी नुसत्या गाड्या थांबवल्या. ते म्हणाले, मग तेच लिहा.

मी लॉलीपॉप लेडी होते. विलायतेतल्या लोकांना हे सांगावं लागत नाही, पण अंक सातारला माझ्या भाचीकडं पण जातो म्हणून सांगते. शाळा भरताना आणि सुटताना रस्त्यात उभं राहून पोरांना पलीकडं न्यायचं. अंगात घोट्यापर्यंत पिवळा कोट, डोक्यावर टोपी आणि हातात माझ्याहून उंच काठी. काठीच्या टोकाला गोल पाटी, पोरं चोखतात त्या लॉलीपॉपसारखी, म्हणून हे नाव. ती काठी रस्त्यात आडवी आली की गाडी थांबलीच पाहिजे, असा कायदा आहे. बस असो, पोलीस असो, महापौर असो. गावाकडं माझ्यापुढं शेळी थांबत नव्हती आणि इथं डबल डेकर थांबायची.

काम सोपं दिसतं, तसं नाही. ड्रायव्हरच्या तोंडाकडं बघायचं नाही. तोंड हसतं आणि पाय गॅसवर असतो. चाकाकडं बघायचं. चाक थांबलं म्हणजे तो थांबला. मग आपण मध्यावर जायचं, काठी लावायची, आणि आपण हाक दिल्याशिवाय पोरांनी फुटपाथ सोडायचा नाही. शेवटच्या पोराचा पाय पलीकडं टेकला की मगच काठी उचलायची. हॉर्न वाजवू दे, शिव्या देऊ दे. शिव्या खूप खाल्ल्या. "गो बॅक" पण ऐकलं. मी म्हणायची, जाते, आधी ही पोरं जाऊ दे. एक बाई लाल गाडीत रोज माझ्यासमोर थांबून लिपस्टिक लावायची, आणि मी दोन दिवस रजेवर गेले तर परत आल्यावर म्हणाली, तुझ्यामुळं मला तसंच ऑफिसला जावं लागलं. एक म्हातारा होता, त्याच्या कुत्र्याला पोरांच्या बरोबरच रस्ता ओलांडायचा असायचा. पोरं नसली तर कुत्रा बसून राहायचा. मग मी एकट्या कुत्र्यासाठी बस थांबवायची.

ही नोकरी मला कशी लागली ते सांगायला हवं, कारण बाकी सगळं त्यातूनच निघालं.

आमचे हे हॉस्पिटलात पोर्टर. मंडळाच्या गणपतीत एका डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "मिस्टर कुठल्या डिपार्टमेंटला?" म्हटलं, "सगळ्याच. ट्रॉली सगळीकडं जाते." त्या बरीच वर्षं यांना डॉक्टरच समजत होत्या. मी बिस्किटांच्या फॅक्टरीत पट्ट्यावर उभी असायची. मग माणसं उचलून उचलून यांची पाठ गेली आणि हे पुढच्या खोलीत पलंगावर पडले. त्याच हिवाळ्यात फॅक्टरी बंद झाली. घरात एकाच खोलीत हीटर लावायचो आणि जेवण, झोप, सगळं तिथंच. कोणीतरी सांगितलं, शाळेसमोर काठी धरायला बाई पाहिजे. मी गेले. इंटरव्ह्यूमध्ये साहेबानं विचारलं, तुम्हाला थंडी सोसते का? मी म्हटलं, घरात पण तेच करते. तो हसला आणि नोकरी दिली.

जागा रिकामी कशी झाली ते त्यानं सांगितलं नाही. ते पॉलानं सांगितलं. पॉला शाळेच्या ऑफिसातली, शाळा चालवायची ती. हेडसर नुसते सही करायचे. मी दुपारी पोरांच्या जेवणावर देखरेखीला पण असायची, म्हणून तिच्याकडं चहाला जायची.

माझ्या आधी एक म्हातारा होता. त्याची छाती भरली, तो घरी बसला. बदली माणूस आला नाही. काउन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, म्हणाली, पैसे नाहीत, आया आहेत ना. आया आपापली पोरं घेऊन ओलांडायला लागल्या. एक दिवस डॅनी नावाचा पाच वर्षांचा मुलगा, रिसेप्शनच्या, म्हणजे शाळेतल्या सगळ्यात लहान वर्गातला, त्याचा आईच्या हातातून हात सुटला. एवढंच. मग काउन्सिलला पैसे सापडले आणि मी उभी राहिले.

माझ्या घरचा हीटर त्या पोराच्या जाण्यावर पेटत होता. हे मी कधी विसरले नाही. रडले पण नाही. घरात आजारी माणूस असला की रडायचं काम मागं पडतं.

पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. दाट धुकं होतं. दिवे लावलेल्या गाड्या सुद्धा जवळ आल्यावर कळायच्या. पोरं जाऊन झाली होती. मी काठी खाली घेणार तेवढ्यात एक बाई आली. राखाडी कोट, उजवा हात खाली, त्या बाजूला जरा झुकलेली. लहान पोराचं बोट धरलं की आपण झुकतो तशी. मी परत मध्यावर गेले, काठी लावली आणि म्हटलं, "कम ऑन लव्ह, बोथ ऑफ यू."

ती अर्ध्या रस्त्यात थांबली. माझ्याकडं बघितलं. मग सावकाश निघाली, बारक्या पावलांच्या बेतानं. माझ्या अंगाजवळून गेली तेव्हा बघितलं तर हातात कोणी नव्हतं. बोटं मात्र मिटलेली होती, आत थोडी जागा ठेवून.

तुम्हाला काय दिसलं, असं मला पुष्कळ जणांनी विचारलंय. चष्म्यावर पाणी साचलेलं. मला वाटलं पोर आहे, म्हणून मी दोघांना बोलावलं. यापुढं मला काही सांगता येत नाही.

पॉलाला म्हटलं, अशी अशी बाई आली. ती म्हणाली, "ती जीन. डॅनीची आई. कधी या रस्त्यानं येत नाही ती. तू काय म्हणालीस तिला?"

"बोथ ऑफ यू."

पॉलानं कप खाली ठेवला. "मग आता ती रोज येणार," म्हणाली.

आणि आली. सकाळी पोरांच्या घोळक्याच्या शेवटी यायची, हात खाली करून. गेटपाशी घंटा होईपर्यंत थांबायची. परत जाताना तोच हात कोटाच्या खिशात. दुपारी याच्या उलट. येताना खिशात, जाताना खाली. शाळेच्या सुट्टीत यायची नाही. शनिवारी-रविवारी नाही. किती वर्षं गेली. तिचे केस पांढरे झाले, माझे गेले, आमचे हे गेले. हाताची उंची तेवढीच राहिली. बाकीची पोरं वाढून कॉलेजात गेली, बाप झाली, आपली पोरं घेऊन माझ्यासमोर आली. हा पाच वर्षांचाच.

मी प्रत्येक वेळी काठी लावली. गाड्या थांबवल्या. एका व्हॅनवाल्यानं काच खाली केली आणि विचारलं, "कोणासाठी थांबलीयस? रस्त्यात कोणी नाही."

म्हटलं, "तुला घाई असेल. त्याला नाही."

त्यानं काच वर केली. नंतर कधी माझ्याकडं बघितलं पण नाही त्यानं, दुसऱ्या रस्त्यानं जायला लागला.

मला यात वेडंवाकडं काही वाटलं नाही. आपण पितरांचं पान वाढतो. भात, वडा, खीर, सगळं नीट. जेवताना कोणी बघितलंय? तरी वाढतो, आणि कावळा येईपर्यंत उपाशी थांबतो. इथं बसनं थोडं थांबलं तर काय झालं?

अंगावर काटा आला तो पोरांमुळं. फुटपाथवर पोरं रांगेत उभी राहतात, एकमेकांना ढकलत, दप्तरं मारत. जीन आली की तिच्या उजव्या अंगाला जागा सुटायची. एका पोराएवढी. मोठ्या पोरांना घरून कळलं असेल, हे मी धरून चालले. पण सप्टेंबरात रिसेप्शनची नवीन पोरं यायची, आईचा कोट न सोडणारी, अर्ध्यांना इंग्लिश येत नसायचं, आणि ती पण सोडायची. सांगायला कोणी नाही. एकदा पावसात सगळी छत्र्यांखाली दाटीवाटीनं उभी, तरी तेवढी जागा कोरी, आणि त्यात पाऊस पडतोय.

आता निवडणुकीकडं येते.

इथल्या शाळेवर गव्हर्नर नावाचं मंडळ असतं. पैसा कुठं घालायचा, हेडसर कोण, हे ते ठरवतात. त्यात काही जण पालकांनी निवडून द्यायचे. शाळा पोरांच्या दप्तरातून कागद पाठवते, ज्याला उभं राहायचं त्यानं नाव द्यायचं. जागेपेक्षा नावं जास्त झाली तर मत टाकायचं, ऑफिसात पॉलाच्या टेबलावर पेटी असते. आपल्याकडच्या निवडणुकीसारखं काही नाही. भोंगा नाही, हार नाही, वडापाव नाही. बिनपगारी काम आणि लांबलचक मीटिंगा, म्हणून बहुतेक कोणी येत नाही. एकदाच काय ती चुरस झाली. दोन बाप उभे राहिले. दोघांचं एकच म्हणणं होतं, गेटसमोर पार्किंग बंद करा. आणि निकालाच्या दिवशी दोघांनी गाड्या गेटसमोरच लावल्या होत्या.

दोनेक वर्षांपूर्वी काउन्सिलनं कळवलं की लॉलीपॉप लेडीचा पगार यापुढं आम्ही देणार नाही. शाळेला बाई हवी असेल तर शाळेनं द्यावा. नाहीतर शाळेनं एकदाच हातभार लावावा, आम्ही तिथं बटण दाबायचा सिग्नल बसवतो. दोन्ही नको असेल तर काहीच नाही, रस्ता आहे तसा. ठरवायचं गव्हर्नरांनी. आणि पॉला म्हणाली, त्यांच्यात अर्धे लोक काहीच नको म्हणतात. छप्पर गळतंय, पुस्तकं नाहीत, आणि आया आहेत ना.

आया आहेत ना. तेच शब्द.

पालकांची एक जागा तेव्हा रिकामी होती. म्हणजे निकाल त्या एका मतावर येणार हे दिसत होतं.

जीन दुपारी ऑफिसात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गेटच्या आत. मी तिथं चहा पीत होते. ती पॉलाला म्हणाली, "मला उभं राहायचंय. पेरेंट गव्हर्नर."

पॉला म्हणाली, "जीन लव्ह, त्याला मूल शाळेत असावं लागतं."

जीननं तिच्याकडं नीट बघितलं. "मी रोज आणून सोडते की," म्हणाली.

खोलीत हीटर चालू होता तरी मी कोट ओढून घेतला. शेवटी हेडसर आतून आले. भला माणूस, पण नियमाचा. ते म्हणाले, "उभं तुम्हाला राहता येणार नाही. पण असा नियम आहे की कोणीच उभं राहिलं नाही, तर गव्हर्नर स्वतः एका पालकाला घेऊ शकतात. त्यात आधी शाळेत असलेल्या मुलाची आई चालते. फक्त कोणीच उभं राहिलं नाही तर. आणि मी कोणाला उभं राहू नका असं सांगू शकत नाही. ते चुकीचं होईल."

ऑफिसचं दार उघडं होतं. आमच्या शाळेत ऑफिसचं दार उघडं असलं की गोष्ट गेटवर पोचायला चहा निवायचा वेळ पुरतो.

कोणी कोणाला काही बोललं नाही. मी गेटवरच उभी असते, मी ऐकलं असतं. पोलिश आया नेहमीसारख्या आपसात, पाकिस्तानी आया आपसात, इंग्लिश बाप फोनमध्ये. दप्तरातून कागद घरी गेले आणि एक पण परत आला नाही. एक जण आधी उभा राहून पडलेला, बिल्डर होता, पार्किंगवाल्या दोघांतला एक. त्यानं सकाळी भरलेला कागद घडी करून माझ्या कोटाच्या खिशात घातला. "यंदा नाही, मिसेस एस," म्हणाला. गेटवर त्या दिवसांत एक शांतता होती. पोरं सुद्धा हळू बोलायची. सगळे मिळून श्वास धरून बसलेत आणि कोणी सोडायचा नाही, असं.

आणि मग ऋचानं फॉर्म भरला.

ऋचा म्हणते, काकू, माझं नाव बदला. म्हटलं, टाइप कर गुपचूप.

ती पुण्याची, नवरा हॉस्पिटलात डॉक्टर, मुलगी ईरा नुकतीच रिसेप्शनला. पुण्यात हिला मोठी नोकरी होती, इथं घरी. कुठंतरी आपलं नाव लागावं असं वाटणं साहजिक आहे. ती गेटवर माझ्याशी मराठी बोलायची म्हणून बाकीच्या आया तिला माझीच समजायच्या, आणि तिला काही सांगायच्या नाहीत. तिनं शुक्रवारच्या मुदतीच्या आधी फॉर्म पॉलाला दिला आणि मला येऊन सांगितलं, "काकू, मी उभी राहतेय. अपोझिशनच नाही म्हणे. वॉकओव्हर."

"बरं," म्हटलं.

"तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला की. रस्त्यावरून बाजूला हो, बस येतेय."

पॉलानं मला धरलं. "तू तिच्या भाषेत बोल तिच्याशी." मी नाही म्हटलं. पगार माझा होता ना. बोलले असते तर ते माझ्या पोटासाठी झालं असतं. आणि ती पोरगी चुकीचं काही करत नव्हती. तिचा हक्क होता. जीनला पण कळलं. त्या दिवशी ओलांडताना ती हात छातीशी धरून गेली, पोराला कडेवर घेतल्यासारखी. तसं तिनं आधी कधी केलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ऋचा उशिरा आली. पोरांची रांग लागली होती, जीन उभी होती, आणि तिच्या शेजारी ती जागा. ऋचाला मोकळं दिसलं, ती ईराला घेऊन सरळ तिथं घुसायला लागली. ईरानं पाय रोवले. चेहरा लाल करून आईचा कोट मागं ओढला.

"आई, तिकडे नाही उभा राहायचं."

"अगं जागा आहे, चल."

"नाही. दॅट्स टेकन."

"कोणी सांगितलं तुला? मिसनं सांगितलं?"

"कोणी नाही सांगितला," ईरा म्हणाली. आपली इथली पोरं मराठी बोलतात तसं. "मागे हो ना. तू त्याचा पायावर पाय देतेय."

ऋचा मागं झाली. फुटपाथकडं बघितलं, जीनकडं बघितलं, जीनच्या हाताकडं बघितलं. मी काठी लावली होती, बस थांबली होती. सगळी पोरं गेली. जीन गेली, तिच्या चालीनं. मी काठी तशीच धरून उभी. ऋचा एकटी अलीकडच्या फुटपाथवर राहिली आणि ईरा पलीकडं निघून गेली होती, आईचा हात सोडून, दुसऱ्या बाजूला हात धरून. कोणाचा, ते मी सांगत नाही. ईराच्या आणि जीनच्या मध्ये ती जागा होती, एवढं मी बघितलं.

घंटा झाल्यावर ऋचा माझ्याकडं आली. "काकू, त्या बाई कोण?"

मी सांगितलं. धुकं, डॅनी, गव्हर्नर, नियम, सगळं. माझा पगार पण सांगितला, म्हणजे नंतर म्हणायला नको.

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस."

"असं कसं काकू? सगळ्या शाळेला माहिती आणि मी मूर्खासारखी—"

"मूर्ख कशाला? तू उभी राहू शकतेस. मुदत दुपारपर्यंत आहे. उभी राहा आणि तुझ्या मनाला येईल ते मत दे. मी तुझ्यावर रागावणार नाही, ईराला रोज पलीकडं नेईन."

ती फुटपाथवरच्या त्या जागेला वळसा घालून परत आली. मग म्हणाली, "ती कोणाचा पाय म्हणाली हो?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. पॉला सांगते, तिनं फॉर्म परत मागितला आणि पॉलानं तो आधीच काढून हाताशी ठेवला होता.

इथं टाइप करणारी थांबली आहे. असू दे. मी चहा करते.

तर त्या निवडणुकीत कोणी उभं राहिलं नाही. हेडसरांनी गव्हर्नरांना तसं कळवलं आणि त्यांनी जीनला घेतलं. शाळा सुटल्यावर मीटिंग होती, लायब्ररीत, लहान पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर सगळे मोठे लोक गुडघे वर करून बसलेले. काही विचारायचं असेल म्हणून मला पण बोलावलं होतं. मी चहाच्या किटलीपाशी उभी राहिले. माझ्या मनात होतं की आता झालं. एक मत माझं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, मिसेस शिंदे इतकी वर्षं आहेत, एकही अपघात नाही. एक गृहस्थ म्हणाले, म्हणूनच म्हणतो, धोका काय आहे तिथं? लोकांनी आपापली पोरं सांभाळावी. पुष्कळ बोलणं झालं. मग जीनला विचारलं.

तिचा हात टेबलाखाली होता. ती म्हणाली, "मिसेस शिंदेंनी आमच्यासाठी रोज गाड्या थांबवल्या. माझ्यासाठी दुसऱ्या कोणी तसं केलं नाही. पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बदली कोणी आलं नव्हतं. तेव्हा मी त्याला घरी ठेवला. पूर्ण महिना. खिडकीत बसवून ठेवला. रडायचा, शाळेत जायचं म्हणून."

धोका काय म्हणणारे गृहस्थ आपल्या कपात बघायला लागले.

"माणूस आजारी पडतो," जीन म्हणाली. "आधीचे पण पडले होते. माझं मत सिग्नलला."

त्याच्यानंतर हात वर झाले. काहीच नको म्हणणाऱ्यांतल्या पण दोघांचे हात वर आले. सिग्नल ठरला. म्हणजे माझं काम संपलं.

राग आला का? आला. किटलीतला चहा मी त्या दिवशी कोणाला दिला नाही, तसाच ठेवून आले. घरी येऊन यांच्या फोटोसमोर बसले, म्हटलं, बघा, वीस वर्षं जिच्यासाठी बस थांबवली तिनंच मला काढलं. मग भाकरी थापायला घेतली आणि दोन भाकरी होईपर्यंत राग गेला. तिचं बरोबर होतं. मी नसले तर काय, याचं उत्तर माझ्याकडं कधीच नव्हतं. मी नसल्यावर ते पोर खिडकीत बसलं होतं, आणि मी गुडघ्यावर बर्फ ठेवून टीव्ही बघत होते.

काउन्सिलनं मला कोट परत मागितला, काठी परत मागितली. पोरांनी कार्डं दिली. शाळेत केक कापला.

सिग्नल चालू झाला त्या सकाळी मी गेले. साध्या कोटात. हात कुठं ठेवावे कळत नव्हतं, शेवटी पर्स दोन्ही हातांनी धरली. खांबाजवळ नारिंगी जाकीटवाला कामगार होता, पहिला दिवस म्हणून देखरेखीला. त्यानं मला समजावलं, "वर तो डबा दिसतो ना, तो बघत असतो. रस्त्यात माणूस आहे तोवर गाड्यांना लाल. रिकामा झाला की लगेच हिरवा. उगाच कोणाला थांबवायचं नाही."

मी म्हटलं, "चांगलंय."

पोरं ओलांडून गेली. दिवा हिरवा झाला, गाड्या गेल्या. त्याच्यानंतर जीन आली, हात खाली. मला बघितलं, मान हलवली. डाव्या हातानं बटण दाबलं. गाड्या थांबल्या. ती निघाली, तिच्या चालीनं. मध्यावर कुठंतरी तिचा हात उघडला. मला स्पष्ट दिसलं, बोटं सुटी झाली. ती तशीच पुढं गेली आणि पलीकडच्या फुटपाथवर चढली.

रस्ता रिकामा होता. दिवा लालच.

बसवाल्यानं मान पुढं काढून बघितलं. मागं एक व्हॅन होती, तिनं हॉर्न वाजवला नाही. कामगार वर डब्याकडं बघायला लागला. "आत्तापर्यंत जायला पाहिजे होता," म्हणाला. जीन पलीकडं वळून उभी राहिली होती. वाकली नाही, हाक मारली नाही, दोन्ही हात कोटाला लावून नुसती बघत होती. मोठं झालेलं पोर पहिल्यांदा एकटं ओलांडतं तेव्हा आया बघतात तसं. गेटमधली पोरं पण थांबली होती.

बऱ्याच वेळानं दिवा हिरवा झाला. बस निघाली.

कामगारानं शिडी लावली, वर चढला, झाकण उघडून आत बघितलं, पुसलं, परत लावलं. खाली येऊन म्हणाला, "यात काही बिघाड नाही."

"माहिती आहे," म्हटलं, आणि घरी आले, कारण तिथं आता माझं काही काम नव्हतं.